जुन्या बुलेटचे नट-बोल्ट आणि थ्रेडलॉकर: कुठला नंबर, कुठे, किती थेंब



जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनचा धंदा सुरू करायची तयारी करणारे बरेच जण आपल्यात आहेत. कुणी जुनी बुलेट घेतलीय, कुणी येझदी, कुणी राजदूत. रंगकाम, क्रोम, सीट, वायरिंग यांचा हिशोब सगळे करतात. पण गाडी गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरात तुमचं नाव राहणार की जाणार, हे पुष्कळदा एका साध्या गोष्टीवर ठरतं. नट-बोल्ट जागेवर राहिले का?

व्हिडिओत आपण हे काम प्रत्यक्ष करून बघितलं. इथे ते नीट लिहून देतोय, म्हणजे प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल.

आधी हिशोब, मग बाटली

आपण धंदा शिकतोय, म्हणून सुरुवात पैशापासून. खालचे आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

समजा एका गाडीच्या कामाची मजुरी २५,००० रुपये ठरली आणि सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात ६,००० उरतात. गाडी दिली. पंधरा दिवसांनी फोन येतो, "अहो, फूटरेस्टचा बोल्ट रस्त्यात पडला, गाडी उभी आहे." टेम्पोचे १,२००, नवीन बोल्ट आणि ब्रॅकेटचे ६००, मुलाची अर्ध्या दिवसाची मजुरी ४००. झाले २,२००. म्हणजे नफ्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका बोल्टने खाल्ला. वर तुमचा वेळ गेला, आणि ते गिऱ्हाईक चार ठिकाणी काय सांगेल ते वेगळंच.

आता दुसरी बाजू. १० मिलीची बाटली समजा ४०० रुपयांना मिळाली. त्यात साधारण २०० थेंब असतात. थोडं वाया जाईल असं धरून १५० बोल्ट मोजा. एका बोल्टला पावणेतीन रुपयांच्या आत खर्च आला. एका गाडीवर ६० ठिकाणी लावलं तरी १६० रुपये.

फूटरेस्टचा बोल्ट पडला तर पैसे जातात. पुढच्या ब्रेकच्या अँकरचा बोल्ट पडला तर माणूस जाऊ शकतो. त्यामुळे हा विषय "जमलं तर करू" असा ठेवायचा नाही.

बोल्ट ढिला होतो तरी का?

बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात आणि आट्यांमधलं घर्षण बोल्टला धरून ठेवतं. एक सिलिंडरची जुनी गाडी थरथरते तेव्हा जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकायला बघतात. प्रत्येक सरकण्यात घर्षण क्षणभर सुटतं आणि बोल्ट केसभर उलटा फिरतो. असं हजारो वेळा झालं की तो हाताने निघतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे मशीनवर दाखवून दिलं. त्या पद्धतीच्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. त्यामुळे "स्प्रिंग वॉशर टाकलाय, आता काय होतंय" या भरवशावर राहू नका.

आट्यांमध्ये बारीक पोकळी असते, म्हणूनच ते सरकू शकतात. थ्रेडलॉकर ती पोकळी भरतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये असा द्रव तयार केला. लॉकटाइट हे नाव तिथूनच आलं. आपल्याकडे झेरॉक्ससारखं ते नाव सगळ्याच कंपन्यांच्या मालाला चिकटलंय.

याचा गुण लक्षात ठेवा. हवा लागते तोवर हा द्रव पातळ राहतो. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की कडक होतो. बाटली अर्धी रिकामी का मिळते, याचं उत्तरही यातच आहे. आतली हवा त्याला पातळ ठेवते. दुकानदाराने फसवलेलं नसतं!

आट्यांची जात ओळखा

लॉकर उघडायच्या आधी हे काम. जुनी बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ पासून ती मद्रासला जुळायला लागली, आणि तिच्यावर इंची आटे बरेच सापडतात. येझदी, राजदूत, आरएक्स १०० या गाड्या मेट्रिक आट्यांच्या. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत दहा मेकॅनिकांनी हात लावलेला असतो, त्यामुळे एकाच गाडीवर सरमिसळ मिळते.

एक उदाहरण घ्या. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंचाचा बीएसएफ बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असतो. एम-८ बोल्ट ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण बीएसएफला इंचात २२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.१५ मिलिमीटरच्या आसपास. एम-८ चं १.२५. त्यामुळे चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे छान जातो, मग जड लागतो. तिथे पान्याला पाइप लावून जोर दिला की अॅल्युमिनियममधले आटे गेलेच म्हणून समजा.

म्हणून पिच गेज घ्या, एक इंची आणि एक मेट्रिक. गॅरेजच्या पहिल्या दहा हत्यारांत त्याची जागा आहे.

आणि एक गोष्ट पक्की ठेवा: गेलेले आटे थ्रेडलॉकरने परत येत नाहीत. बोल्ट गोल फिरतोय आणि कुणी म्हणालं "टाक लाल लॉकटाइट, बसेल", तर ऐकू नका. तिथे हेलिकॉइल टाकून आटे नवे करायचे आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावायचे.

रंग बघू नका, नंबर वाचा

बाजारात सगळे रंगाने मागतात. लॉकटाइटची बाटलीच लाल असते, आतला द्रव वेगळ्या रंगाचा. शिवाय प्रत्येक कंपनीचे रंग सारखे असतीलच असं नाही. म्हणून नंबर.

*जांभळा, २२२.* कमी ताकदीचा. एम-६ पेक्षा बारीक स्क्रूंसाठी, म्हणजे हेडलाइटच्या आतले, स्विचचे, मीटरचे छोटे स्क्रू. साध्या पेचकसाने उघडतो.

*निळा, २४२ किंवा २४३.* मध्यम ताकदीचा. गॅरेजमधलं ८० टक्के काम हाच करतो. एम-६ आणि त्यावरच्या बोल्टना. नेहमीच्या पान्याने उघडतो. २४३ चा फायदा असा की आट्यांवर तेलाचा हलका अंश राहिला तरी तो धरतो. नवीन धंद्यात एकच बाटली घेता येणार असेल तर ही घ्या.

*लाल, २६३ किंवा २७१.* जास्त ताकदीचा, कायम बसवायच्या जोडासाठी. उघडायला जोडाला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं आणि गरम असतानाच फिरवावं लागतं. क्रँककेसमध्ये कायम राहणाऱ्या स्टडच्या आतल्या टोकाला, तेसुद्धा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच.

*हिरवा, २९०.* एकदम पातळ. आधीच आवळलेल्या बोल्टच्या कडेला थेंब सोडला की तो आट्यांत आपोआप झिरपतो. पण इथे सांभाळा. बेअरिंग आणि बुश कायमचे बसवायचा ६३८ नंबरचा मालही हिरवाच असतो, आणि तो फार ताकदीचा आहे. "हिरवा द्या" म्हणून मागाल तर भलतीच बाटली हातात येईल.

लाल बाटली कपाटात कुलपात ठेवा

हे थोडं कडक सांगतो. नव्या मुलांना वाटतं, जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं काम. तसं नसतं. तुम्ही आज लावलेला बोल्ट तीन वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे. कदाचित तुम्हीच. सहा मिलिमीटरच्या बोल्टला लाल लावला तर उघडताना लॉकर सुटायच्या आधी बोल्टचं डोकं तुटतं. मग ड्रिल, मग हेलिकॉइल, मग अर्धा दिवस.

तापवायचं म्हणाल तर शेजारी काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी, वायरिंग, रबरी बुश, ऑइल सील, आणि तुम्ही नुकताच मारून घेतलेला महागडा रंग. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय गाडीजवळ हीट गन किंवा टॉर्च आणायचाच नाही. जुन्या इंग्लिश बोल्टवर कॅडमियमचं प्लेटिंगही असतं. ते तापलं की निघणारी वाफ विषारी असते, त्यामुळे असे बोल्ट तापवू नका.

कुठे लावायचं, कुठे नाही

निळा लावायच्या जागा: मडगार्डचे आणि नंबर प्लेटचे बोल्ट, हॉर्न ब्रॅकेट, फूटरेस्ट, क्रॅश गार्ड, कॅरिअर, चेन कव्हर, सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट (इंजिनपासून लांबचा, गार राहणारा).

जिथे कंपनीने आधीच कुलूप दिलंय, तिथे ते कुलूप आधी. मागच्या स्प्रॉकेटला वाकवायची लॉक पट्टी असेल तर नवीन पट्टी टाका. कॅसल नट असेल तर नवीन स्प्लिट पिन टाका. ब्रेकच्या जोडांवर मूळचं मेकॅनिकल लॉक काढून त्याऐवजी थेंबावर भागवायचं नाही.

अजिबात लावू नये अशा जागा:

१. स्पार्क प्लग आणि एक्झॉस्ट पोर्टचे स्टड-नट. हे लॉकर साधारण १५० ते १८० अंशांपर्यंतच टिकतात. एक्झॉस्टला उलट काम करणारा माल लागतो, म्हणजे कॉपर ग्रीस, जो बोल्टला जाम होऊ देत नाही.

२. वरचेवर अॅडजस्ट करायचे स्क्रू. ब्रेकचं अॅडजस्टर, क्लच केबल, कार्ब्युरेटरचे स्क्रू, पॉइंटची प्लेट.

३. ऑइलचा ड्रेन प्लग. तिथे नवीन वॉशर आणि योग्य आवळणं एवढंच पुरतं.

४. प्लास्टिकजवळ. इंडिकेटरची काच, मीटरचं कव्हर, प्लास्टिकचे पॅनेल यांना हा द्रव लागला तर बारीक तडे जातात.

लावायची पद्धत: सात पायऱ्या

*पहिली: जुनं साफ करा.* वायर ब्रशने गंज आणि वाळलेला जुना लॉकर काढा. भोकातले आटे त्याच मापाच्या टॅपने हलक्या हाताने साफ करा. जोर लागला तर थांबा, माप परत तपासा.

*दुसरी: तेल काढा.* आपल्याकडे सगळं रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धुतात. चिखल-ग्रीस काढायला ते ठीक, पण मागे तेलाचा पातळ थर राहतो आणि त्यावर लॉकर नीट धरत नाही. शेवटचा हात असिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. शटर उघडं ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको, वेल्डिंग नको. रंगावर असिटोन सांडू देऊ नका.

*तिसरी: वाळू द्या.* दोन-चार मिनिटं. ओल्या आट्यांवर थेंब टाकू नका.

*चौथी: धातू बघा.* साधं लोखंड आणि पितळ यांवर लॉकर लवकर बसतो. झिंक प्लेटिंग, क्रोम आणि स्टेनलेस यांवर सावकाश. तिथे अॅक्टिव्हेटरचा फवारा मारून घ्या किंवा जास्त वेळ द्या. स्टेनलेसबद्दल एक इशारा. चकाकतं म्हणून गिऱ्हाईक सगळीकडे तेच मागतं. पण नेहमी मिळणारा ए-२-७० स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या लोखंडी बोल्टपेक्षा कमी ताकदीचा असतो. मडगार्डला खुशाल लावा, ब्रेक अँकरला नको.

*पाचवी: थेंब टाका.* आरपार भोक असेल तर नट जिथे बसणार त्या आट्यांवर एक थेंब. बंद भोक असेल तर थेंब भोकाच्या आतल्या आट्यांवर सोडा. फक्त बोल्टला लावलं तर आत अडकलेली हवा द्रव बाहेर ढकलते. पण बंद भोक भरू नका. द्रवाला जागा मिळाली नाही तर आवळताना जुनं अॅल्युमिनियम तडकू शकतं. बाटलीचं तोंड धातूला टेकवू नका, धातूचा अंश आत गेला तर बाटलीच खराब होते. हातात नायट्राइल मोजे घाला, काहींना याची त्वचेवर अॅलर्जी येते.

*सहावी: आवळा.* टॉर्क पाना वापरा. ओल्या आट्यांवर घर्षण कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर थोडा कमी ठेवा. एकदा बसवला की "जरा अजून" म्हणून अर्ध्या तासाने फिरवू नका. फिरवलात तर बसत आलेला थर तुटतो, मग सगळं काढून पहिल्यापासून करावं लागतं.

*सातवी: पुसा आणि थांबा.* बाहेर आलेला द्रव हवेत पातळच राहणार, घाबरू नका, कापडाने पुसा. आतला थर दहा-पंधरा मिनिटांत हाताला पक्का लागतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास. थंडीत आणखी उशीर.

इथून धंद्याचा भाग

ही २४ तासांची गोष्ट तुमच्या वेळापत्रकात आली पाहिजे. संध्याकाळी बोल्ट लावले आणि त्याच रात्री गाडी दिली, तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. डिलिव्हरीची तारीख देताना एक पूर्ण दिवस हातचा ठेवा. आदल्या दिवशी फास्टनर पूर्ण, दुसऱ्या दिवशी टेस्ट राइड, मग फोन.

जॉब कार्डवर एक वेगळी ओळ ठेवा: "फास्टनर तपासणी आणि लॉकिंग." पुढे जागा, बोल्टचं माप, लॉकरचा नंबर, तारीख, कुणी केलं त्याची सही. उद्या तुमचा मुलगा दुसरीकडे कामाला गेला तरी कार्ड बोलेल.

प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी फ्रेमवर. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता तपासणी होते.

आणि गिऱ्हाइकाला हे दाखवा. वडिलांची गाडी नीट करून घ्यायला आलेले साठीचे काका असतील तर त्यांना असं सांगा: "काका, ही पांढरी रेघ बघा. दर रविवारी गाडी पुसताना एवढीच नजर टाका. रेघ सरळ असेल तर काळजी नाही. सरकलेली दिसली तर गाडी चालवू नका, मला फोन करा. आणि ५०० किलोमीटर झाले की या, सगळे बोल्ट मी फुकट तपासून देतो."

या बोलण्याला तुमचा वीस मिनिटांचा खर्च आहे. पण काकांना कळतं की हा माणूस गाडी देऊन मोकळा होणारा नाही. पुढची गाडी ते स्वतः घेऊन येतात.

खरेदीचंही लक्षात ठेवा. बाटलीवरची वापराची मुदत वाचा, बिल घ्या, फार स्वस्त मिळतंय म्हणून ओळख नसलेल्याकडून घेऊ नका, बनावट माल बाजारात असतो. सुरुवातीला मोठी बाटली नको. १० मिलीची निळी एक, जांभळी एक. सावलीत, थंड जागी उभी ठेवा. नवीन बाटली आणली की एका जुन्या नट-बोल्टवर लावून रात्रभर ठेवा. सकाळी पान्याने उघडून बघा. धरलं नसेल तर ती बाटली गिऱ्हाइकाच्या गाडीला लावायची नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक जुनी गाडी समोर घ्या, स्वतःची किंवा मित्राची. बाहेरून दिसणारे बोल्ट मोजा आणि वहीत चार रकाने करा: जांभळा, निळा, मेकॅनिकल लॉक, काहीच नाही.

२. पाच बोल्टचं माप पिच गेजने काढा. त्यातले किती मूळ मापाचे आणि किती नंतर कुणी घुसवलेले, ते लिहा.

३. भंगारातले चार सारखे नट-बोल्ट घ्या. दोन रॉकेलने धुवा, दोन असिटोनने. चारहींना निळा लावा, २४ तासांनी उघडा. कुठला किती जोराने निघाला ते हाताला कळेल, मग मुलाला समजावायला भाषण लागणार नाही.

४. वरचा हिशोब तुमच्या गावच्या दराने परत मांडा. एक गाडी परत आली तर तुमचे किती जातात, हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून कॅश काउंटरवर चिकटवा.

पुढच्या भागात अडकलेला, गंजलेला बोल्ट न तोडता कसा काढायचा आणि त्या कामाचं कोटेशन कसं द्यायचं, ते बघू. तोवर काम करत राहा, हिशोब लिहीत राहा.